पडद्यावरचे तीन अंश

माझं पहिलं काम बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधलं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. डिंगोऱ्यातल्या आमच्या घरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली मी पहिली, आणि पुण्यात नोकरी न मिळून परत आलेलीही मीच पहिली. आई शेजारणींना सांगायची, "तिला तिथलं पाणी मानवलं न्हाई." मी दिवसा कांद्याच्या वाफ्यात खुरपायला बसायचे आणि संध्याकाळी डिप्लोमाची पुस्तकं उघडून तशीच मिटून ठेवायचे.

काम मिळालं ते सरांमुळे. सर पूर्वी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. बायको वारल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि मंचरला एका गाळ्यात छोटं वर्कशॉप टाकलं. विहिरीवरच्या मोटारींची पॅनेल, राइस मिलची पॅनेल, असलं काहीबाही ते बनवायचे. मुलगी नाशिकला दिलेली, त्यामुळे घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. गाळ्यातच स्टोव्हवर चहा करायचे आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच दुपार काढायचे. माझ्या मामांच्या ओळखीने मी तिथे गेले, तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "चुका शोधायची सवय आहे का? नसेल तर लावून घे."

कळंबच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून जरा आत, ते कोल्ड स्टोरेज होतं. मालकांना सगळे शेठ म्हणत. चार मोठ्या खोल्या, जाड भिंती, आणि मागच्या शेडमध्ये गारव्यासाठी धडधडणारी अमोनियाची मशीन. जवळच्या पठारावरचे शेतकरी शिमग्याच्या सुमारास बियाण्याचा बटाटा गोण्यांतून आणून ठेवायचे आणि मृगात लागवडीला न्यायचे. पाठोपाठ व्यापाऱ्यांचा खायचा बटाटा यायचा, त्यामुळे खोल्या पावसाळ्यातही रिकाम्या नसत. मशीनवर मढचे एक काका होते. पन्नाशी उलटलेली, अंगात खाकी शर्ट, पायात टायरच्या चपला. मढला त्यांची खालची भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेली होती. वर उरलेल्या तुकड्यात भागेना म्हणून ते इकडे आले आणि कोल्ड स्टोरेज सुरू झाल्यापासून इथलेच झाले. राहायची खोली आवारातच होती. महिन्यातून एखाद्या वेळी गावी जायचे, येताना काकूंनी दिलेल्या नाचणीच्या भाकरी फडक्यात बांधून आणायचे आणि आल्या आल्या मला एक द्यायचे.

आम्ही जाण्याआधी काका गळ्यात दोरीला बांधलेला थर्मामीटर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत. गोण्यांच्या फटीत हात घालून बघत. शेठना ते आवडत नव्हतं. दार उघडलं की गारवा जातो आणि मशीन जास्त चालते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी सरांना कॉम्प्युटर बसवायला सांगितला.

सरांनी पर्ल नावाच्या भाषेत दोन छोटे प्रोग्राम लिहिले. असल्या छोट्या प्रोग्रामला स्क्रिप्ट म्हणतात. पहिली स्क्रिप्ट दर थोड्या वेळाने प्रत्येक खोलीतलं तापमान वाचायची आणि फाइलमध्ये लिहून ठेवायची. रोज सकाळी ती त्या दिवसाचा नवा फोल्डर करायची, म्हणजे हिशेब दिवसावार राहायचा. दुसरी स्क्रिप्ट सगळ्यांत नव्या फाइलमधला शेवटचा आकडा उचलून पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायची. कोपऱ्यात घड्याळ. पडदा मी सजवला होता. तापमान चढलं की आकडा लाल व्हायचा. हंगाम तोंडावर आला होता, शेठ रोज फोन करत होते, आणि सरांनी ते काम अगदी घाईत उरकलं.

पडदा लागला त्या दिवशी शेठ काकांना म्हणाले, "आता दारं उघडायची न्हाईत. खुर्चीत बसायचं आन् हिकडं बघायचं."

काकांनी जवळ जाऊन पडदा नीट बघितला. मग सरांना म्हणाले, "सर, ह्ये खरं सांगतंय ना?"

"काका, माणूस चुकेल. हे चुकणार नाही."

हे वाक्य मी पुढे सरांच्याच तोंडून पुष्कळदा ऐकलं. ते स्वतःशीच म्हणायचे, आणि म्हणताना मान हलवायचे.

एक हंगाम बरा गेला. दुसऱ्या वर्षी ऐन वैशाखात, लागवड जवळ आलेली असताना, मी बिलांच्या छपाईचं बघायला म्हणून कोल्ड स्टोरेजवर गेले होते. ऑफिसातला प्रिंटर बरेच दिवस बंद होता आणि कुणी दुरुस्त केला नव्हता. मी त्याच्यापाशी बसलेली असतानाच पठारावरचा एक शेतकरी आपला माल बघायला आला. बेणं कसं आहे ते बघून मग सऱ्या पाडायच्या, असं म्हणत होता. काकांनी तिसऱ्या खोलीचं दार उघडलं. आतून गार हवा येते तशी आली नाही. आली ती उबट, दमट हवा, आणि तिच्याबरोबर असा वास की शेतकरी दोन पावलं मागे सरला.

खालच्या गोण्यांतून काळं पाणी झिरपून जमिनीवर पसरलं होतं. वरच्या थरातल्या गोण्या हाताला गरम लागत होत्या. काकांनी एक गोणी फोडली. बटाटा बोटांनी दाबला तर आत गेला.

काका पळत ऑफिसात आले. पडद्यावर तिसऱ्या खोलीसमोर तीन अंश होते. कोपऱ्यातलं घड्याळ चालू होतं. काकांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन हाय! पोरी, तीनच हाय बघ!"

आकडा मलाही दिसत होता.

तासाभरात पठारावर बातमी गेली आणि जीपा भरभरून माणसं आली. शेठ मंचरहून आले. त्यांनी आधी खोली बघितली, मग काकांना सगळ्यांसमोर विचारलं, "झोपला व्हता का रं?"

"न्हाई शेठ. तीनच व्हतं. कवाबी बघा, तीनच."

"मग हे काय हाय? बटाट्याला सोताहून ताप आला व्हय?"

कुणीतरी हसलं. एका तरण्या शेतकऱ्याने पुढे होऊन काकांची कॉलर धरली. काकांनी हात वर केला नाही. कॉलर सोडवून घ्यायचाही त्यांनी प्रयत्न केला नाही. लोकांनी त्या पोराला मागे ओढलं. शेठ म्हणाले, "सामान उचल आन् नीघ." आणि त्याच दुपारी काका आपली वळकटी घेऊन रस्त्यावर आले. मी फाटकापर्यंत गेले. ते मला म्हणाले, "मी झोपलो न्हाई गं." मी म्हटलं, "माहीत आहे काका." तेवढ्यात नारायणगावची एस.टी. आली आणि ते चढले.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी तिथे पोचलो. गडी सडका माल बाहेर ओढत होते आणि मागे खड्डा खणायचं काम चालू होतं. तिसऱ्या खोलीचं दार सताड उघडं होतं, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि पडद्यावर अजूनही तीन अंश. सर ते बघून खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "फोल्डर बघ."

शेवटचा फोल्डर आठवड्यापूर्वीचा होता. त्यानंतरच्या एकाही दिवसाचा फोल्डर नव्हता. मी हाताने नवा फोल्डर करायचा प्रयत्न केला. कॉम्प्युटरने लगेच सांगितलं, डिस्कवर जागा शिल्लक नाही. प्रिंटर बंद होता, पण ऑफिसवाले त्याच कॉम्प्युटरवरून बिलं छापायला पाठवतच होते. न छापलेली ती सगळी बिलं डिस्कवर साठत गेली आणि डिस्क गच्च भरली.

पुढचं सरांना बघता बघता कळलं, मला मात्र त्यांनी समजावून सांगितल्यावर. स्क्रिप्टने सकाळी फोल्डर करायचं फंक्शन, म्हणजे त्या एका कामाचा ठरलेला हुकूम, चालवलं. ते फसलं. त्या भाषेत फंक्शन फसलं तर ते ओरडत नाही. हळूच 'नाही' असं उत्तर देतं आणि स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर जाते. ते उत्तर ऐकायचं की नाही हे लिहिणाऱ्यावर असतं. ऐकायचं असेल तर ओळीच्या शेवटी 'ऑर डाय' असं लिहावं लागतं, म्हणजे जमलं नाही तर तिथेच मर. सरांनी काही ओळींना ते लिहिलं होतं, काहींना राहून गेलं होतं. फोल्डर झाला नाही, म्हणून फाइल उघडली नाही. फाइल उघडली नाही, म्हणून आकडा लिहिला गेला नाही. प्रत्येक फंक्शनने 'नाही' म्हटलं आणि एकाही जागी कुणी ते ऐकलं नाही. पहिली स्क्रिप्ट आठवडाभर निमूट फिरत राहिली. दुसरी स्क्रिप्ट सगळ्यांत नवी फाइल शोधायची, तिला आठवड्यापूर्वीची सापडायची आणि तिच्यातले तीन अंश ती दाखवत राहायची. त्याच आठवड्यात तिसऱ्या खोलीत गारवा सोडणारी झडप अडकली होती. मागची मशीन नेहमीसारखी धडधडत होती, म्हणून बाहेरून काहीच कळलं नाही.

सर म्हणाले, "काका झोपले नव्हते."

आम्ही शेठकडे गेलो. सरांनी सगळं सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, झालं ते झालं. लोकांच्या डोक्यात एक गोष्ट बसलीया. आता दुसरी कशाला घालता?"

"कारण ती खोटी आहे."

"आन् खरी सांगितली तर बटाटं नीट व्हत्यात का?"

सर उठले आणि सरळ मागे खड्ड्यापाशी गेले. तिथे पाच-सहा शेतकरी उभे होते, काल कॉलर धरणारा पोरगाही होता. सरांनी त्यांना सांगितलं की मशीनवरच्या माणसाची चूक नव्हती, प्रोग्राम आपला होता आणि चूक आपली आहे. मला वाटलं आता हे लोक सरांच्या अंगावर जातील. पण कुणी हललं नाही. एक म्हातारा म्हणाला, "तुमी काय म्हणताय ते आमाला कळत न्हाई, राव. बेणं गेलं येवढं कळतंय." आणि ते परत खड्ड्याकडे बघत राहिले. सरांना कुणी शिवी दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला परतताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं.

त्या वर्षी पठारावर पुष्कळ वावरं बटाट्याविना राहिली. कुणी उशिरा सोयाबीन टाकलं, कुणी तसंच ठेवलं.

आषाढात आम्ही मढला गेलो. सरांनी जायचं म्हटलं तेव्हा मी म्हटलं, फोन करू कुणाकडे तरी. ते म्हणाले, "हे फोनवर सांगायचं नाही." माळशेजच्या बाजूने ढग खाली उतरले होते आणि एस.टी.च्या काचा ओल्या झाल्या होत्या. काकांचं घर वस्तीच्या टोकाला होतं. काकू दारातच उभ्या होत्या. आम्ही कोण ते कळल्यावर त्या आत या म्हणाल्या नाहीत. आतून काकांचाच आवाज आला, "पावणं भिजत्यात, आत घे."

काका चुलीपाशी बसले होते. दाढी वाढली होती. सरांनी मोठं प्रास्ताविक केलं नाही. डिस्क कशी भरली, स्क्रिप्ट कशी फसली, सगळं साध्या शब्दांत सांगितलं. काका मान खाली घालून ऐकत होते. सर थांबल्यावर म्हणाले, "म्हंजी त्या यंत्राला ठावं व्हतं?"

"त्याला जमत नाही एवढं त्याला कळलं होतं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"मी त्याला सांगायला लावलं नव्हतं."

काकांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "मलाबी वाटाया लागलं व्हतं सर. गावात समदी म्हणत्यात, झोपला व्हता, झोपला व्हता. रोज ऐकून ऐकून मलाबी वाटलं, लागला आसंल डोळा. यखांद्या दिशी लागला आसंल."

"नाही लागला," सर म्हणाले.

"तुमी म्हणता तर न्हाई लागला."

त्यांच्या आवाजात सुटका नव्हती. मला वाटलं होतं ते रडतील, रागावतील, निदान मोठा श्वास सोडतील. तसं काही झालं नाही. काकूंनी चहा दिला आणि कप ठेवता ठेवता सरांना विचारलं, "मग त्यांची कालर धरली ती?" चहात गूळ होता आणि चहा नासला होता की काय कोण जाणे, सरांनी मात्र कप पूर्ण संपवला.

निघताना सरांनी परत कामावर यायला सांगितलं. शेठनी ठेवलेला नवा माणूस अमोनियाच्या वासाला भिऊन पळून गेला होता, त्यामुळे शेठही तयार होते. काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी तोंड फिरवलं. पंधरवड्याने काका आले.

तोवर आम्ही दोघांनी स्क्रिप्ट नव्याने लिहायला घेतली होती. सर प्रत्येक ओळीच्या शेवटी 'ऑर डाय' लिहीत बसले. लिहायचे, परत वरून वाचायचे, परत एक राहिलेली सापडायची. भाषेबरोबर आलेली मदतीची पानं मी दुपारी वाचत असे. त्यात मला एक सोय सापडली. स्क्रिप्टच्या अगदी वर एक ओळ लिहायची आणि तिच्यात फंक्शनांची नावं द्यायची. मग त्यांतलं कुठलंही फंक्शन फसलं की ते गप्प बसत नाही. आपण काही लिहिलेलं असो वा नसो, ते आपणहून एक्सेप्शन, म्हणजे काहीतरी अडल्याची हाक, फेकतं. ते झेलणारं पुढे कुणी नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि कशामुळे थांबली ते सांगते. लिहिणारा विसरला तरी चालतं.

मी सरांना ते पान दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"हे नवीन आहे का?"

"नाही सर. आपल्याकडच्या भाषेबरोबरच आलंय. पहिल्यापासून होतं."

ते स्टोव्ह पेटवायला गेले आणि पेटवायचा विसरून तिथेच उभे राहिले.

ती ओळ आम्ही घातली. स्क्रिप्ट थांबली की पडदा पूर्ण लाल व्हायचा आणि शेडवर लावलेला भोंगा वाजायचा, अशी जोडणी सरांनी केली. मी मुद्दाम डिस्क भरून बघितली. भोंगा वाजला. फोल्डरला कुलूप घातलं, वायर ओढली, फाइल उडवली. दर वेळी वाजला. मला फार बरं वाटलं. काका खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. मी म्हटलं, "काका, आता हे कधीच गप्प बसणार नाही." ते म्हणाले, "बरं झालं."

आणि ते खरोखरच गप्प बसेना. पूर्वी ज्या गोष्टी फसत होत्या आणि कुणाला पत्ता लागत नव्हता, त्या सगळ्या आता ओरडायला लागल्या. टेलिफोनची लाइन मेली की, गडबड झाल्यास शेठच्या घरी फोन लावायला ठेवलेलं फंक्शन फसायचं, भोंगा. दुरुस्त करून आणलेल्या प्रिंटरवर रोजचा हिशेब छापताना कागद संपला, भोंगा. वीज हेलकावली आणि एका सेन्सरने एकदा उत्तर दिलं नाही, भोंगा. पावसाळा होता, लाइन रोज मरायची. दर भोंग्याला काका धावत सुटायचे. पडद्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. ते खोल्यांची कुलपं काढायचे, गोण्यांत कोपरापर्यंत हात घालायचे, वास घ्यायचे. सगळं गार असायचं.

एकदा मी गेले तर भोंगा वाजतच होता आणि काका तिसऱ्या खोलीत जमिनीवर बसले होते, पाठ गोण्यांना टेकवून. मी आधी भोंगा बंद केला आणि आत गेले. त्यांचे ओठ निळसर झाले होते.

"काका, उठा. प्रिंटरचा कागद संपलाय नुसता."

"मला काय कळतंय पोरी, कागद का बटाटं. ते वराडतंय."

मी त्यांना हाताला धरून उन्हात आणून बसवलं. त्या दिवसापासून मी एकेक एक्सेप्शन झेलायला बसले. कोण फसलं, का फसलं, त्याने खोलीतल्या गारव्याला काही होतं का, हे प्रत्येक फंक्शनला विचारून वेगळं करायचं. जे खरंच जिवावरचं, त्यालाच भोंगा. बाकीच्यांना पडद्यावर मराठीत एक ओळ, कागद घाला, फोनची लाइन बघा. हे सांगायला सोपं आहे. करायला दिवाळी उजाडली, कारण रोज काहीतरी नवं फसत होतं. शेठ वैतागले होते. ते म्हणायचे, "आदीचं बरं व्हतं. गप तरी बसायचं." एकदा त्यांनी भोंग्याची वायरच तोडायला सांगितली. सर म्हणाले, "मग मला काढा." शेठनी वायर ठेवली.

माझं काम संपलं तेव्हा भोंगा आठवडे आठवडे वाजेनासा झाला. मी मोठ्या उत्साहाने काकांना मराठीतल्या ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी ऐकल्या. पण आता शांततेलाही ते दचकायचे. पडदा हिरवा असला तरी उठून खोल्यांकडे जायचे. शेठनी दारं उघडू नका म्हणून परत ओरडायला सुरुवात केली. मग काका दाराला बाहेरून कान लावून उभे राहायचे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी ते ऑफिसात आले. सर आणि मी दोघेही होतो. काकांनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"सर, तुमी माज्यासाठी लई केलं. कळतंय मला. पर घरी गेलो तरी छातीत धडधडतंय. कुत्रं भुंकलं तरी उठून बसतो. आता न्हाई जमायचं."

सर म्हणाले, "काका, आता ते उगाच वाजत नाही. हिने सगळं नीट केलंय."

"व्हय. पोरीनं चांगलं केलंय." ते माझ्याकडे बघून हसले. "मीच नीट ऱ्हायलो न्हाई."

त्यांना थांबवायला मी फाटकापर्यंत गेले, पण ते थांबले नाहीत. वळकटी तीच होती.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या खोलीतला पंखा जळला. भोंगा वाजला, नव्या माणसाने बघितलं, संध्याकाळच्या आत पंखा बदलला गेला आणि एक गोणीही खराब झाली नाही. शेतकरी मृगात येऊन आपलं बेणं घेऊन गेले. असं काही घडलं होतं हे त्यांना कळलंही नाही. शेठ मला म्हणाले, "झालं की काम." मी सरांना सांगायला गाळ्यात गेले. सरांनी हं म्हटलं आणि हातातली वायर सोलत राहिले. काकांनी काम सोडल्यापासून त्यांनी एकही स्क्रिप्ट लिहिली नव्हती. कॉम्प्युटरवर माझं चुकलं की दुरून सांगायचे, पण कीबोर्डला हात लावायचे नाहीत. पुढे मधुमेहाने त्यांची नजर गेली, मुलगी येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली आणि गाळ्यात चपलांचं दुकान आलं. शेठनी पुण्याहून तयार यंत्रणा आणून बसवली. आमचा पडदा त्यांनी भंगारात दिला. मी पुण्यात नोकरी धरली, आणि या वेळी तिथलं पाणी मला मानवलं म्हणायचं.

काकांना मी त्यानंतर एकदाच बघितलं. मावसबहिणीच्या सासरी मढच्या बाजूला गेले होते. श्रावण होता. परतीच्या एस.टी.ची वाट बघत रस्त्याला उभी होते, तर खालच्या खाचरात चार-पाच माणसं भात लावत होती आणि त्यांत काका होते, गुडघाभर चिखलात. ती खाचरं त्यांची नव्हती. मी हाक मारली. ते बांधावर आले, हात पाण्यात धुतले. पार वाकले होते. घरचं विचारलं, पुण्याचं विचारलं. मग म्हणाले, "सर कसं हायत?"

मी सांगितलं, नाशिकला असतात, दिसत नाही, कॉम्प्युटर सोडला.

काकांनी ओले हात अंगाला पुसले.

"माज्यामुळं सोडला का?"

"नाही काका. तुमच्यामुळे नाही."

"न्हाई ना?"

"नाही."

"मग बरं," ते म्हणाले. पण माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही. घाटाकडून एस.टी. येताना दिसली. त्यांनी बांधावरची रोपांची मूठ उचलली आणि मी हात हलवायच्या आत ते खाचरात उतरले होते.